आधी चुना भाजून दाखवा, मग गडाला हात लावा

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसवर राजगड-रायगड झळकत होते, माझ्याही. अकरा आपल्याकडचे आणि एक तिकडे तमिळनाडूतला जिंजी. आनंद खराच होता, त्यात काही खोट नाही. पण आता या गडांच्या डागडुजीसाठी पैसा येणार, टेंडरं निघणार आणि त्या टेंडरांमध्ये 'काम पारंपरिक चुन्यात करावे' अशी एक ओळ असणार. माझी अडचण त्या ओळीपाशी आहे. पारंपरिक म्हणजे कुठला चुना? कशाचा? कोणी भाजलेला, किती भाजलेला, किती दिवस मुरवलेला? याची उत्तरं त्या ओळीत नसतात, आणि ती ओळ लिहिणाऱ्याकडे तरी असतात का याची मला दाट शंका आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या गडाचं काम करायचंय त्या गडाच्या आसपास मिळणारी चुनखडी किंवा शिंपले घ्या, जुन्या पद्धतीची भट्टी रचा, लाकडावर-शेणीवर भाजा, पाणी घालून विरवा, मुरवा, त्याची एक नमुन्याची भिंत बांधून तिला दोन पावसाळे खाऊ द्या आणि हे सगळं लिहून ठेवा. हे झाल्याशिवाय कोणालाही गडाच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, भरायला देऊ नका. याला जगभर प्रायोगिक पुरातत्त्व म्हणतात आणि हे रीतसर शास्त्र आहे, हौस नाही.

आता कोणी म्हणेल चुना तर बाजारात मिळतो की. मिळतो ना. कटनीहून येतो, राजस्थानातल्या गोटणच्या बाजूने येतो, गोणीत भरून ट्रकने येतो, आणि तो वाईट असतो असं अजिबात नाही, उलट बऱ्याचदा फार शुद्ध असतो. भानगड तिथेच आहे. शुद्ध चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला हवा लागते, आणि सतत ओलाव्यात किंवा पाण्याखाली तो बसतच नाही. आपल्या सह्याद्रीत सगळीकडे बसाल्ट, चुनखडीचे डोंगर आपल्याकडे नाहीत, ते तिकडे चंद्रपूर-यवतमाळकडे. मग घाटावर नदी-ओढ्याकाठी, शेतात मिळणारे चुनखडीचे खडे भाजायचे आणि किनाऱ्यावर शिंपले. खड्यांमध्ये माती असते, त्यामुळे ते भाजले की जो चुना होतो तो थोडाफार पाण्यातही धरतो. शिंपल्याचा चुना मात्र जवळजवळ शुद्ध, त्यात सुरखी म्हणजे भाजक्या विटेची पूड घातली तर तो ओलाव्यात टिकतो, नाहीतर नाही. म्हणजे घाटावरचा चुना वेगळा, कोकणातला वेगळा, आणि आपण दोन्हीकडे कटनीची गोणी उघडतो आणि वर 'पारंपरिक' लिहितो!

आणि मग गूळ. चुन्याचा विषय निघाला की कोणीतरी गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद काढतंच, जसं काही रहस्य तिथेच आहे. वेरूळच्या लेण्यांच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचा पेपर 2016 मध्ये आला तेव्हा ती बातमी किती फिरली आठवतंय ना. या गोष्टी खऱ्या आहेत, त्यांचा उपयोगही आहे, कोणी चुना हळू सुकवतो, कोणी तडे कमी करतो. पण भाजणीच कच्ची असेल तर त्यात घातलेला गूळ मुंगळ्यांच्या कामाचा. भाजी करपली तर वरून कोथिंबीर घालून सुधारत नाही तसंच हे.

भाजणीत काय बिघडू शकतं ते मला कागदावर माहीत होतं, दिसलं मात्र गिरगावातल्या एका जुन्या घराच्या दुरुस्तीत. तिथले गवंडी काका बरेच वयस्कर, त्यांनी लोखंडी घमेल्यात कळीच्या, म्हणजे भाजलेल्या पण अजून पाणी न लागलेल्या चुन्याचे मुठीएवढे चार-पाच खडे टाकले आणि वर पाणी ओतलं. पहिलं मिनिटभर काहीच नाही. मग एकाला चीर गेली, सूं आवाज झाला, वाफ निघायला लागली आणि बघता बघता खडे फुलून, फुटून लोण्यासारखी पांढरी राड झाली, घमेलं इतकं तापलं की कडेला हात लावता येईना. त्यात एक खडा तसाच राहिला. काकांनी तो थापीने बाहेर ओढला, टोकाने ठोकला, आतला करडा दगड दाखवला आणि म्हणाले, "हा आतून कच्चा. आणि जो जास्त भाजलाय ना तो आत्ता गप बसतो आणि भिंतीत गेल्यावर फुटतो." शंभर टक्के बरोबर बोलले ते. चुनखडी साधारण 900 अंशाला कार्बन डायऑक्साइड सोडते. तेवढं तापमान खड्याच्या गाभ्यापर्यंत गेलं नाही तर आत दगड राहतो, आणि फार वर जाऊन फार वेळ राहिलं तर चुना इतका आवळला जातो की पाणी पडूनही लवकर विरत नाही, महिन्यांनी गिलाव्याच्या आत विरतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. काकांना हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि दुसरीकडे ज्यांना हे पुस्तकात शिकवतात त्यांनी आयुष्यात एक खडा भाजलेला नसतो. ही दोन माणसं एका भट्टीपाशी आणणं हाच माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा अर्धा फायदा.

बाहेर हे कसं चालतं ते बघा. जर्मनीत इव्हर्सहाइम नावाच्या ठिकाणी 1960 च्या दशकात रोमन सैन्याच्या चुनाभट्ट्या सापडल्या, ओळीने सहा. तिथल्या लोकांनी नुसतं पत्र्याचं छप्पर घालून बोर्ड नाही लावला, त्यातली एक पुन्हा पेटवून बघितली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कॅटो या रोमन लेखकाने भट्टीची मापं लिहून ठेवलीत, रुंदी दहा फूट, उंची वीस फूट, वर निमुळती होत तीन फूट. मापं वाचायला सोपी हो, पण आत दगडांची कमान कशी रचायची की जी खाली जाळ चालू असताना कोसळत नाही, वाऱ्याची दिशा बदलली की तोंडाचं काय करायचं, रात्री किती जणांनी जागायचं, वरचे दगड भाजले हे खालून कसं कळतं, हे त्या मापांत कुठे आहे? ते पेटवल्यावरच कळतं.

विट्रुवियस या रोमन वास्तुकाराचं तर मला फारच आवडतं. त्याने लिहिलंय की भट्टीतून काढलेल्या दगडाचं वजन एक तृतीयांशाने कमी होतं. केमिस्ट्रीच्या हिशोबाने शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर 100 किलोचे 56 किलो राहिले पाहिजेत, म्हणजे घट 44 टक्के. मग हा माणूस तेहतीसच का सांगतोय? त्याच्याकडचा दगड अशुद्ध होता? का भट्टी कधीच पूर्ण भाजत नव्हती आणि तेच चालवून घेतलं जायचं? का त्याने नुसता अंदाज ठोकला? खुर्चीत बसून यावर शंभर पानं लिहिता येतील, पण एक वजनकाटा आणि एक भट्टी असेल तर निदान काही शक्यता खोडता येतात.

आणि 2023 ची ती रोमन काँक्रीटची गोष्ट. जुन्या रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात, आणि वर्षानुवर्षं लोक म्हणत होते की नीट कालवलं नाही, निष्काळजीपणा, दुसरं काय. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी कळीचा चुना न विरवता गरमागरमच कालवून तसं काँक्रीट बनवलं, त्याला तडा पाडला, त्यातून पाणी सोडलं, आणि दोन आठवड्यांत तो तडा भरून आला, कारण ते ठिपके पाण्यात विरघळून भेगेत जाऊन पुन्हा घट्ट होत होते. म्हणजे ज्याला दोष समजत होते तो गुण निघाला. आता मला सांगा, आपल्या सिंधुदुर्गच्या किंवा विजयदुर्गच्या चुन्यात पांढरे ठिपके दिसले तर आपला साइट इंजिनिअर काय लिहील? 'पूअर मिक्सिंग', आणि खरवडून काढेल.

आपल्याकडे तर सामान समोर पडलंय. लोहगडावर दर्ग्याजवळ चुन्याची घाणी आहे, मळवलीला उतरून रविवारी गडावर जाणारी निम्मी मुंबई त्या गोल चरापाशी फोटो काढते. चुना, वाळू टाकून बैल जुंपून चाक फिरवायचे हे सगळे सांगतात. पण घाणीत यायच्या आधी तो चुना कुठे भाजला, खडे कुठून आणले, गडावर भाजला की खाली, हे विचारणारं कोणी नाही. सिंधुदुर्गाचं काम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं, पायात शिसं ओतलं ही गोष्ट शाळेतल्या पोराला पण पाठ असते. बरं, आणि तीनेक किलोमीटरच्या तटाला लागलेल्या चुन्याचं काय? तो भाजायला लाकूड किती लागलं?

हा लाकडाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्यावर कोणी बोलत नाही. कागदावर बघितलं तर एक किलो कळीचा चुना व्हायला 3.2 मेगाज्यूल उष्णता लागते, सुकं लाकूड किलोला 15 च्या आसपास देतं, म्हणजे पावशेर लाकडात काम झालं पाहिजे. प्रत्यक्षात उघड्या भट्टीत उष्णता भिंतींतून जाते, धुरातून जाते, ओल्या लाकडातलं पाणी उडवण्यात जाते, त्यामुळे त्याच्या कितीतरी पट लागतं, आणि ते 'कितीतरी' म्हणजे किती ते भट्टीभट्टीवर असतं. दुसरीकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट आहे की आंबा-फणसाला हात लावायचा नाही, रयतेने ती झाडं वर्षानुवर्षं जपलेली असतात. मग भट्टीत काय जळत होतं? किंजळ-ऐनाचं लाकूड? झुडपं, फांद्या? शेणी? नारळाच्या करवंट्या? भाताचं तूस? प्रत्येकाचा जाळ वेगळा, राख वेगळी, आणि ती राख-कोळसा थोडाफार चुन्यात उतरतो. जुन्या चुन्यात कोळशाचे कण सापडतात, त्यांच्यावरून लाकूड ओळखता येतं, वयही काढता येतं. एकीकडे ते सॅम्पल आणि दुसरीकडे आपण स्वतः चार वेगवेगळ्या जळणांवर भाजलेला चुना, असं शेजारी ठेवून बघितलं तर शिवकाळातल्या जंगलाबद्दल, वेठीबद्दल, मजुरीबद्दल आपण आत्ता जे बोलतो त्यापेक्षा जरा तरी ठोस बोलू शकू. इतिहासावर भांडायला आपण कायम तयार असतो, दोन ट्रक सरपण जाळून बघायला मात्र कोणी तयार नाही.

आणि हे काम करायचे कोण? इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर उघडा, लोणारी समाजाची नोंद आहे, चुना भाजणं, कोळसा पाडणं, मीठ करणं ही त्यांची कामं. साहेबाने दोन-चार ओळींत लिहून ठेवलं आणि आपण तेवढ्यावर समाधानी. सिमेंट आलं, भारतात 1914 पासून पोरबंदरला कारखाना चालू झाला, आणि त्या भट्ट्या हळूहळू विझल्या. हार्बर लाईनवर चुनाभट्टी स्टेशनला उतरून बघा, टॉवर सापडतील, भट्टी नाही. ज्यांच्या घरात आजोबांच्या तोंडून का होईना या गोष्टी ऐकलेल्या आहेत अशी माणसं अजून आहेत, त्यांना शोधा आणि प्रयोगात घ्या, पण हेल्पर म्हणून पाचशे-सातशे रोजावर नको, तज्ज्ञ म्हणून घ्या, रिपोर्टवर त्यांचं नाव पहिलं टाका. नाहीतर नेहमीसारखं होईल, प्रोफेसरचा पेपर आणि मामांचा फोटो.

आता विरोधात जे बोललं जातं त्यातलं धुराचं म्हणणं मला खरंच वजनदार वाटतं. मुंबईत जानेवारी 2025 मध्ये हायकोर्टाने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम इंधनावर जायला सांगितलं. आपल्या पावाची भट्टी बंद करायची आणि पुरातत्त्वाची पेटवायची, हे कोणत्या तोंडाने सांगणार? धारावीच्या कुंभारवाड्यातल्या भट्ट्यांच्या धुरावरून किती वर्षं तक्रारी चालू आहेत ते शीव-माटुंग्याच्या लोकांना विचारा. त्यामुळे मी शहरात पेटवा म्हणतच नाही. संरक्षित स्मारकाच्या आत तर नाहीच नाही, तिथे शंभर मीटरच्या आत साधं बांधकाम करायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. ट्रेकिंग ग्रुपच्या उत्साही मंडळींना हात जोडून सांगतो, हे वाचून गडावर चूल मांडू नका, कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, ही गंमत नाही. वस्तीपासून लांब, किनाऱ्यावर, परवानगी काढून, वर्षातून एक-दोनदा, मोजमाप लावून, एवढंच. आणि तुलना करायची तर नीट करा, एका बाजूला वर्षातून दोन भट्ट्या, दुसऱ्या बाजूला मुंबईत रोज फिरणारे आरएमसीचे, म्हणजे तयार काँक्रीटचे मिक्सर.

काही जण म्हणतात मग इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये भाजा ना, डायल फिरवा, 900 लावा, झालं. पवईला आयआयटीत असले फर्नेस असतीलच. ते पण करा, तुलनेसाठी ते लागेलच. पण फर्नेसमध्ये सगळे खडे एकसारखे भाजतात आणि खऱ्या भट्टीत कधीच नाही, काही कच्चे, काही पक्के, काही करपलेले, आणि जुना चुना या तिघांचा मिळून झालेला असतो. तो असमानपणा काढून टाकला तर आपण तपासतोय ते दुसरंच काहीतरी असेल.

अजून एक आक्षेप जरा हुशार लोक घेतात की तुम्ही भट्टी पेटवली आणि चुना झाला, यातून एवढंच सिद्ध होतं की असा चुना होऊ शकतो, तेव्हा असाच केला हे कुठे सिद्ध झालं? मान्य. प्रयोग होकार देत नाही, पण नकार फार चांगला देतो. शिंपल्याचा चुना सुरखीशिवाय भरतीच्या पाण्यात बसतो असं कोणी म्हणत असेल तर एका पावसाळ्यात त्याचं उत्तर मिळेल. असे दहा चुकीचे समज गेले तरी मला पुरे.

शिंपल्यांवरून आठवलं, मुंबईत तर हा प्रयोग जवळजवळ फुकट होईल. तिसऱ्या आणि कालवं आपण खातो, कवचं कचऱ्यात. कोळीवाड्यांतून आणि मालवणी हॉटेलांतून महिनाभर गोळा केली तरी एक छोटी भट्टी भरेल. विद्यापीठात पुरातत्त्व शिकणारी पोरं आहेत, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, जेजे आर्किटेक्चर आहे. नाही काय, तर हेड नाही.

हो, सगळं शेवटी तिथेच येतं, सरकारी बजेटच्या हेडवर. चुन्याचं काम पावसाळा संपल्यावर सुरू करावं, सावकाश सुकू द्यावं, ओलं ठेवावं, चुना आधी कित्येक आठवडे मुरवलेला असावा. आणि आपल्याकडे वर्क ऑर्डर निघते डिसेंबर-जानेवारीत आणि बिल पास व्हायला पाहिजे 31 मार्चच्या आत. या वेळापत्रकात सिमेंटच बसतं, दुसरं काही बसूच शकत नाही, म्हणून मग चुन्यात गुपचूप दोन घमेली सिमेंट जातं आणि सगळे खूश. त्याचं पुढे काय होतं ते फोर्टातल्या एका जुन्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर बघितलंय मी, पिवळसर मऊ दगड, त्याच्या दरजा सिमेंटने भरलेल्या. आज सिमेंटच्या रेघा शाबूत आहेत, बाहेर आल्यासारख्या उठून दिसतात, आणि मधला दगड बोट लावला तरी भुसभुशीत गळतो, कारण भिंतीतली ओल आणि मीठ दरजांतून बाहेर यायला जागा नाही म्हणून ते दगडातून आले. चुन्याची दरज स्वतः झिजते आणि दगड वाचवते, काही दशकांनी दरजा पुन्हा भरायच्या, बस. काळ्या बसाल्टला एवढा त्रास होत नसेल पण कोकणातले किल्ले जांभ्याचेही आहेत, आणि जांभा किती पाणी पितो ते कोकणी माणसाला सांगायला नको.

तर मागणी अगदी रुक्ष आहे. युनेस्कोच्या यादीतल्या प्रत्येक किल्ल्याच्या कामाच्या अंदाजपत्रकात 'चाचणी भट्टी व नमुना भिंत' अशी वेगळी बाब टाका, तिची मुदत दोन आर्थिक वर्षांची ठेवा, आणि तिचे आकडे, म्हणजे किती खडे, किती जळण, किती तास, किती घट, किती कच्चे निघाले, हे मराठीत सगळ्यांना बघायला ठेवा. आणि हो, त्या बाबीखाली हेही आधीच लिहून ठेवा की पहिली भट्टी फसली तरी बिल मिळेल. कारण पहिली फसणारच, बहुतेक दुसरी पण, आणि बिल अडकणार असेल तर कॉन्ट्रॅक्टर फसलेली भट्टी कधीच दाखवणार नाही, कटनीची गोणी उघडून भट्टीच्या तोंडाशी ओतेल आणि फोटो काढून पाठवून देईल.